आईची सही
(दिवाळी मेळाव्यातील भाषण, नोव्हेंबर २०२२, सिअ‍ॅटल परिसर)

नमस्कार मंडळी,

दिवाळी होऊन तीन आठवडे होत आले, पण हॉल आज मिळाला म्हणून फराळ आज. चकली हातात असेल तर असू द्या, पाच मिनिटं माझं ऐका.

गेल्या मंगळवारी, ८ नोव्हेंबरला, आपल्या वॉशिंग्टन राज्यातून पॅटी मरे सहाव्यांदा सेनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहावर, निवडून आल्या. समोर टिफनी स्माइली होत्या, पेशानं परिचारिका. लढत अटीतटीची होणार असं शेवटी शेवटी फार ऐकू येत होतं, प्रत्यक्षात मरेबाईंना सुमारे ५७ टक्के मतं पडली. मंडळ कुठल्या पक्षाचं नाही आणि मीही प्रचाराला उभी नाही. पण त्यांची सुरुवात इथल्या मराठी शाळा चालवणाऱ्या आयांनी ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

१९८० च्या दशकात शोरलाइनला त्यांच्या मुलांच्या बालवर्गाचा निधी कापला जाणार होता. मरेबाई मुलांना घेऊन राज्याच्या राजधानीला, ऑलिंपियाला गेल्या. तिथे एका लोकप्रतिनिधीनं सुनावलं, ‘तुम्ही टेनिस शूज घातलेली एक आई, तुमच्यानं काय होणार?’ बाई घरी आल्या, फोन लावत सुटल्या, पालक गोळा केले आणि वर्ग वाचवला. मग स्कूल बोर्ड, १९८८ ला राज्याची सेनेट, १९९२ ला अमेरिकेची. खोली मिळवणं, पालकांच्या मागे लागणं, हे आपल्या आया दर आठवड्याला करतातच की!

आता मुद्द्याचं. इथे मतपत्रिका टपालानं घरी येते, तिकीटही लावावं लागत नाही. पण पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळावी लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईनं जेवणाच्या टेबलावर बसून, चष्मा पुसून, पाकिटावर झोकात सही केली, मराठीत, पेन्शनच्या कागदांवर करायची तशी. लायसन्सवर मात्र तिची सही इंग्रजीत, आणि नोंदीत तीच. आठवडाभरात निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं, सही जुळत नाही म्हणून. मी ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. आईनंच उघडून विचारलं, ‘हे माझ्या नावाचं काय गं?’ फॉर्मवर पुन्हा सही करून पाठवली तेव्हा तिचं मत धरलं गेलं. नागरिक झाल्यावरचं पहिलंच मत होतं तिचं.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० च्या मतपत्रिका तपासल्या. त्यात गोऱ्या मतदारांपेक्षा कृष्णवर्णीयांची पाकिटं चौपट प्रमाणात नाकारली गेल्याचं दिसलं. आशियाई मतदारांची पाकिटं नाकारली जाण्याचं प्रमाणही जास्तच होतं. त्यात आपणही आलो.

यंदाच्या सह्या दुरुस्त करायला २८ नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. पाकीट स्वीकारलं की नाही हे राज्याच्या मतदार संकेतस्थळावर दिसतं. जेवणानंतर मी चहाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसते आहे. घरातल्या आजी-आजोबांना घेऊन या.