जिम थॉर्प नावाचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात, जिम थॉर्प नावाचं गाव आहे. तिथल्या कायद्याच्या भाषेत ते ‘बरो’. स्वतःची निवडून आलेली सभा, स्वतःचा महापौर, साधारण आपल्या नगरपंचायतीसारखा कारभार. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. ज्या माणसाचं नाव या गावाला आहे, तो हयातीत तिथे कधीच राहिला नव्हता. त्याला तिथे आणलं ते तो वारल्यावर.

गावाचं मूळ नाव मॉक चंक. १८१८ मध्ये जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड या दोघांनी ते वसवलं, कोळशासाठी. भोवतालच्या डोंगरांत अँथ्रासाइट, म्हणजे धूर कमी आणि आच जास्त देणारा कठीण कोळसा. खाण वर समिट हिलला, बोटी खाली नदीवर आणि मधे चौदा-पंधरा किलोमीटरचा डोंगरउतार. १८२७ मध्ये त्या उतारावर रूळ टाकले. इंजिन नाही. कोळशाच्या वाघिणी आपल्या वजनानंच घरंगळत खाली यायच्या. फक्त ब्रेक सांभाळायला माणूस लागे. रिकाम्या वाघिणी परत वर ओढायला खेचरं. आणि ही खेचरं खाली कशी यायची? त्याच गाडीला जोडलेल्या वाघिणींत उभी राहून, चारा खात! असं सांगतात की या सवारीची त्यांना इतकी चटक लागली, की पुढे उतार पायी उतरायला ती साफ नकार देत. पुढे माउंट पिसगावर वाफेची इंजिनं बसवून वाघिणी वर खेचायची सोय झाली. कोळशाला दुसरी वाट मिळाल्यावर हेच रूळ हौशी प्रवाशांचे झाले. आजच्या जत्रेतल्या रोलर कोस्टरच्या पूर्वजांत या रेल्वेची गणना होते. १९३३ मध्ये ती बंद पडली.

कोळशातून संपत्ती आली, पण ती सगळ्यांकडे आली नाही. लीहाय व्हॅली रेल्वे उभारणाऱ्या एसा पॅकर यांचा वाडा आजही टेकडीवर आहे. लीहाय विद्यापीठही त्यांच्याच देणगीतून निघालं. आणि त्याच गावच्या तुरुंगात २१ जून १८७७ ला खाणवस्तीतल्या चार आयरिश माणसांना एकाच दिवशी फाशी झाली. ‘मॉली मग्वायर’ या गुप्त संघटनेचे म्हणून त्यांच्यावर खुनाचे खटले चालले होते. पुरावा गोळा केला होता एका रेल्वे कंपनीनं नेमलेल्या खासगी गुप्तहेरानं. त्या खटल्यांना न्याय म्हणणं मला जड जातं. सतरा नंबरच्या कोठडीच्या भिंतीवर एका कैद्यानं आपल्या निर्दोषपणाची खूण म्हणून पंजा उमटवला, तो पुसला जातच नाही, अशी आख्यायिका आहे. तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय आणि लोक तिकीट काढून तो पंजा बघतात.

विसाव्या शतकात कोळसा मागे पडला, रेल्वे मंदावली. नदीच्या दोन काठांवरची मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही दोन्ही गावं खंगली. गाव सावरण्यासाठी दर माणशी आठवड्याला पाच सेंट असा फंड सुरू झाला. याच सुमारास, मार्च १९५३ मध्ये, जिम थॉर्प यांचं कॅलिफोर्नियात निधन झालं. सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीचे, ओक्लाहोमात जन्मलेले थॉर्प १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींचे विजेते. ओक्लाहोमात जमातीच्या रीतीनं अंत्यविधी चालू असतानाच त्यांच्या तिसऱ्या पत्नीनं शव उचलून नेलं. तिकडे स्मारकाला सरकारी पैसा मिळाला नव्हता. या पाच सेंटवाल्या गावाचं नाव तिच्या कानावर आलं आणि सौदा जमला: गावांनी थॉर्प यांचं नाव घ्यायचं आणि स्मारक बांधायचं. १९५४ मध्ये दोन्ही गावांनी मतदान करून एक होणं आणि नवं नाव घेणं, दोन्ही मान्य केलं. थडग्याशी ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या मैदानाची माती आणून टाकली. रुग्णालय येईल, थॉर्प ज्यात गाजले त्या अमेरिकन फुटबॉलचं मोठं स्मारक होईल, अशा आशा होत्या. त्यातलं काहीच आलं नाही.

२०१० मध्ये थॉर्प यांच्या एका मुलानं दावा लावला, वडिलांना जमातीच्या भूमीत न्यायचं म्हणून. आधार होता मूळनिवासींचे अवशेष संग्रहालयांकडून परत मिळवून देणारा कायदा. २०१३ मध्ये न्यायालयानं मुलांची बाजू उचलली. म्हणजे अख्खी बरो कायद्यानं संग्रहालय ठरली! पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. पत्नीनं कायदेशीररीत्या निवडलेली ही दफनभूमी, तिला तो कायदा लागू होत नाही, असं म्हणून. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

गावाला पर्यटक मात्र मिळाले. ते येतात जुने वाडे, तुरुंग, शरदातली रंगीत झाडी आणि नदीतलं राफ्टिंग यासाठी. जुन्या रेल्वेच्या वाटेवर आता सायकली फिरतात. ही गर्दी बहुतेक पश्चिम काठावरच्या जुन्या मॉक चंकमध्ये असते. थॉर्प यांची लाल ग्रॅनाइटची समाधी पूर्वेला, पलीकडच्या काठावर, राज्यरस्त्याच्या कडेला आहे.