जॉब हिरवा, टेबलं गायब

सकाळी डॅशबोर्ड उघडला तर सगळं हिरवंगार. रात्री दोनचा जॉब, म्हणजे डेटाबेसमध्ये काय काय टेबलं आहेत ते वाचून आमच्या कॅटलॉगमध्ये (टेबलांच्या यादीत) भरणारी स्क्रिप्ट, व्यवस्थित चाललेला, एरर एक नाही. आणि तरी कॅटलॉगमधून बिलिंगची सगळी टेबलं गायब! डेटाबेसमध्ये बघितलं तर तिथं आहेत, नीट आहेत, कोणी हात लावलेला नाही.

हे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडं मागं जाऊ.

टेबलं कुठली, कॉलम कुठले, टाइप काय, कुठली की (दोन टेबलं जोडणारा कॉलम) कुठं जाते, हा झाला मेटाडेटा. तो एक्सेलमध्ये हातानं लिहिला की आठवड्यात शिळा होतो. खरं तर लिहायची गरजच नसते, कारण डेटाबेस ही माहिती स्वतःच स्वतःच्या टेबलांत ठेवत असतो. रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत मांडायची पद्धत, १९७० साली मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये जे नियम दिले, त्यातला चौथा हाच, की डेटाबेसचं वर्णनसुद्धा साध्या डेटासारखं, त्याच भाषेत विचारता आलं पाहिजे. मग एसक्यूएल-९२ मध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं १९९२ चं स्टँडर्ड) इन्फर्मेशन स्कीमा आला, म्हणजे ही माहिती दाखवणारे ठरलेले व्ह्यू (टेबलासारखे वाचता येणारे). पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे, मायएसक्यूएलमध्ये आहे, ओरॅकलमध्ये नाही, त्यांचे आपले वेगळे व्ह्यू.

ही माहिती रोज आपोआप कॅटलॉगमध्ये आणायचा सेटअप म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं काम. वेगळा रीड-ओन्ली युजर करायचा (अ‍ॅडमिनचा पासवर्ड वापरू नका, प्लीज), कुठले स्कीमा (टेबलांचे गट) घ्यायचे ते सांगायचं, बॅकअप आणि टेम्प टेबलं वगळायची, रात्रीची वेळ लावायची. डेटाहब, ओपनमेटाडेटा या कॅटलॉग सॉफ्टवेअरमध्ये हे कनेक्टर (डेटाबेसला जोडून माहिती आणणारे) तयारच मिळतात.

आता ती गायब टेबलं. इन्फर्मेशन स्कीमा प्रत्येक युजरला फक्त त्याला परवानगी असलेलंच दाखवतो. नसेल तर एरर येत नाही, ओळच येत नाही. आमच्याकडं कोणीतरी बिलिंगची टेबलं पाडून नव्यानं बनवली, त्यात जुने ग्रँट (परवानग्या) उडाले, आणि आमच्या स्क्रिप्टला वाटलं टेबलं डिलीट झाली, तिनं इमानदारीत कॅटलॉगमधूनही काढून टाकली.

पोस्टग्रेसमध्ये अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस ही कमांड लावली की पुढच्या टेबलांना ग्रँट आपोआप मिळतो, पण जो रोल (युजर) टेबल बनवणार त्याच्यासाठीच ती लावावी लागते, आणि इथंच सगळे फसतात. दुसरं म्हणजे पीजी क्लास हे सिस्टिम टेबल एरवी कोणालाही वाचता येतं, तर तिथली टेबलांची संख्या आणि इन्फर्मेशन स्कीमातली संख्या रोज ताडून बघा. फरक दिसला की जॉब लाल करा, काही पुसू नका.

ओळी मोजायला प्रत्येक टेबलावर काउंट स्टार मारत बसू नका, मोठ्या टेबलावर जीव जातो. पीजी क्लासमध्ये अंदाजे आकडा असतोच. पोस्टग्रेसच्या १४ व्हर्जनपासून तिथं उणे एक दिसलं तर टेबल रिकामं आहे असं नाही, त्यावर हा अंदाज काढणारं व्हॅक्यूम किंवा अ‍ॅनालाइझ कधी चाललेलंच नाही.

आता एक कॉलम बघा. नाव फ्लॅग टू, टाइप स्मॉलइंट (छोटा पूर्णांक), कमेंट (कॉलमचं वर्णन) रिकामी. आत ०, १ आणि मधूनच ९. स्क्रिप्टनं आपलं काम केलंय, जे होतं ते सगळं आणलंय. ९ म्हणजे काय हे विचारायला मी शेवटी जुन्या सहकाऱ्याला फोन केला, तो हसला आणि म्हणाला, “अरे, ते मायग्रेशनच्या वेळचं, तपासायचं राहिलेलं.” फोन ठेवला आणि कमेंट ऑन कॉलम ही कमांड चालवून तेवढं वाक्य तिथंच लिहून टाकलं. रात्री दोनला स्क्रिप्टनं उचललं.