डोस वाढवण्याआधी

(फॅमिली डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. अशा वेळी आपला हात आपोआप पेनाकडे जातो. डोस वाढतो, नाहीतर तिसरी गोळी सुरू होते. रुग्ण औषध नीट घेतो का आणि आपण दिलेलं औषध त्याला सुरक्षित आहे का, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे शिकलो. पण पेन उचलायच्या त्या क्षणी ते एकच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. म्हणजे समोरचा रुग्ण दोनपैकी एकच गोळी, तीही आठवेल तेव्हा घेत असेल, ही शक्यता मुळीच दूरची नाही. आपण मात्र कागदावर तीन गोळ्या लिहून मोकळे होतो. पुढे तोच माणूस न्यूमोनिया होऊन रुग्णालयात दाखल होतो. तिथे आपली चिठ्ठी प्रमाण मानून सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या जातात, आणि बीपी कोसळतं. मधुमेहात ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असंच वाढवत नेलेलं असेल तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घरातल्या कुणी काळजीपोटी रोज स्वतःच्या हातानं गोळ्या द्यायला सुरुवात केली, तरी हेच घडू शकतं. न घेतलेल्या गोळीचा हिशेब न करता वाढवलेला डोस कधी अंगावर येईल ते सांगता येत नाही.

म्हणून आधी विचारायचं. पण कसं? "गोळ्या नियमित घेता ना?" या प्रश्नाला "हो डॉक्टर" याखेरीज दुसरं उत्तर येत नाही. मी असं विचारतो: "पुष्कळांच्या गोळ्या मधून मधून राहून जातात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती वेळा राहिल्या?" एवढ्यानंच माणूस मोकळा होतो, कारण खरं सांगितलं तर बोलणी बसणार नाहीत याची त्याला खात्री पटते. त्यानंतर, विसरला की मुद्दाम सोडली, हे शांतपणे काढून घ्यायचं. विसरणाऱ्याला दिवसातून एकदाच घ्यायची गोळी देता येते, रोजच्या एखाद्या कामाशी ती जोडून देता येते. मुद्दाम सोडणाऱ्याकडे मात्र कारण असतं, आणि बऱ्याचदा ते पटण्यासारखं असतं. रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीनं कोरडा खोकला लागलेला असतो. लघवीच्या गोळीमुळे प्रवासात हाल होतात. अशा माणसाला शिस्तीवर भाषण देण्यात अर्थ नाही. त्याचं औषधच बदलायला हवं.

आता आपल्या बाजूचं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं पायांवर सूज येते. ती औषधाची आहे हे लक्षात आलं नाही की सुजेसाठी फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी लिहिली जाते. तिनं पोटॅशियम उतरतं, युरिक अ‍ॅसिड वाढतं, मग सांधा धरतो आणि त्यावर वेदनाशामक येतं. या साखळीला 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' हे नाव पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी १९९० च्या दशकात दिलं. ही साखळी जिथे येऊन थांबते तिथे तर खरा धोका आहे. रामिप्रिल, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बिघडू शकतं. त्यात वेदनाशामक रुग्णानं स्वतःच आणलेलं असतं, आणि ते तो 'औषध' म्हणून सांगतही नाही. तेव्हा चिठ्ठी पाहून भागत नाही. घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगा: जडीबुटी, झोपेच्या गोळ्या, शेजाऱ्यानं दिलेलं काहीही. नवीन तक्रार आली की आधी त्या पिशवीकडे पाहायचं.

एका औषधाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतली रक्तपेशी तयार होण्याची जागा, दबते, आणि यात माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वाराचं नाव लिहा, कशासाठी आहे तेही लिहा, आणि "आता तुम्ही हे कसं घेणार, मला सांगा" असं रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या. यासाठी वेळ नसतो असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांमुळे होणारा टाळता येण्याजोगा अपाय कमी करण्याची जागतिक मोहीम हाती घेतली. तिनं निवडलेल्या तीन क्षेत्रांपैकी एक म्हणजे रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो काळ. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाकडे नवी यादी असते आणि कपाटात जुन्या स्ट्रिप्स. एकाच औषधाची दोन वेगळी ब्रँडनावं असली तर दोन्ही पोटात जातात. त्याला आठवडाभराच्या आत बोलवा, डिस्चार्ज कार्ड आणि पिशवी शेजारी शेजारी ठेवा, आणि जे बंद झालं आहे त्यावर त्याच्यासमोर काट मारा.