देऊळ बांधून होतं, दिवाबत्तीचं काय?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय "लोकवर्गणीतून बनणाऱ्या ऑनलाइन गेमला पैसे द्यावेत का", आणि त्यातला वर्गणी हा शब्द माझा आहे, संयोजकांना क्राउडफंडिंग हवं होतं. मी अडून बसलो. कारण वर्गणी म्हटलं की आपल्याला सगळं आपोआप कळतं. गणपतीची पावती फाडली म्हणून कोणी मूर्ती घरी नेत नाही, नफाही मागत नाही, पण मांडवच पडला नाही तर जाब मात्र विचारतो. गेमवाले घेतात वर्गणी, पण पोरांना वाटतं आपण दुकानातून वस्तू घेतली. सगळा गोंधळ इथे आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, परवा म्हणाला मामा, एक गेम येतोय, हजारो लोक एकाच जगात खेळणार, सहा हजार रुपये घातले तर आत्ताच किल्ला मिळतोय. मी म्हणलं, किल्ला आहे कुठे? म्हणे चित्र आहे.

आता माझ्या आत्याचं सांगतो, विषयाचंच आहे ते. रामबागेतल्या वाड्यात आत्याची भिशी चालायची, आपले इंदूरवाले बीसी म्हणतात ती. वीस बायका, महिन्याला शंभर रुपये, चिठ्ठी निघेल तिला दोन हजार. लाल कापडी बांधणीची वही. पोहे खायच्या आधी आत्या वही मोठ्यानं वाचायची, कोणाचे आले, कोणाचे यायचेत, आणि तिच्यासमोर ते ऐकताना माणसाला घाम फुटायचा. नव्वदच्या आसपास इथल्या कापड मिलींचे दिवस भरत आले होते, एका बाईच्या यजमानांची मिल बंद पडली, आणि तिची चिठ्ठी तर आधीच निघालेली, पैसे उचललेले. आत्यानं काय करावं? पहिलंच वाक्य, "हिचे यापुढे पन्नासच येतील, बाकी कसं करायचं ते आत्ता बोला." अर्धा तास भांडाभांडी झाली, दोघींनी अबोला धरला, पण भिशी मोडली नाही, पुढे कितीतरी वर्षं चालली. वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगितली म्हणून चालली, असं मी आजही मानतो.

आणि याच्या उलट माझ्याबरोबर झालं. २०१६ ला मी आणि तीन मित्रांनी अशाच एका गेमला पैसे दिले, नाव नाही घेत. सुरुवातीला दर महिन्याला पत्र यायचं, मग तीन महिन्यांनी, मग पत्रात गेमबद्दल काहीच नाही, नवीन घोडे विकायला काढले! लढाई धड चालत नव्हती आणि घोड्याला सोनेरी खोगीर. पैसे गेले याचं मला इतकं वाटलं नाही, पण आमच्यातला एक जण रोज रात्री त्यांच्या पानावर जाऊन बघायचा काही आलंय का, त्याचं वाईट वाटतं अजून.

किती वेळ उरलाय? दहा मिनिटं. बरं, मग भराभर.

लोकवर्गणीचा गेम आणि लोकवर्गणीचा बहुखेळाडू गेम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकट्यानं खेळायचा गेम एकदा बनला की बनला. हजारो लोकांच्या गेमला मात्र सर्व्हरचं, म्हणजे ज्या संगणकांवर ते जग चालतं त्यांचं भाडं, दुरुस्ती, लबाडीनं खेळणाऱ्यांना हाकलणारी माणसं, हे रोज लागतं, आणि मुख्य म्हणजे खेळायला समोर माणसं लागतात. अहिल्याबाईंनी नुसती देवळं-घाट बांधून सोडले नाहीत, पूजेअर्चेच्या खर्चाची नेमणूकही करून ठेवली. देऊळ बांधायला वर्गणी मिळते हो, दिवाबत्तीला मिळत नाही. क्रोफॉल नावाचा गेम बघा, २०१५ ला किकस्टार्टरवर, म्हणजे अशी वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर, १७ लाख डॉलरच्या वर जमले, जुलै २०२१ ला गेम आला, म्हणजे शब्द पाळला त्यांनी, आणि नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद. खेळणारेच पुरेसे उरले नाहीत. क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया तर तिथवरही पोचला नाही, २०१६ ला १३ लाखांवर डॉलर गोळा केले आणि मार्च २०२० मध्ये पैसे संपले म्हणून माणसं घरी पाठवली. स्टार सिटिझन वेगळंच प्रकरण, २०१२ ला वर्गणी सुरू, २०१४ चा वायदा, ७० कोटी डॉलरच्या वर जमलेत आणि अजून अल्फा, म्हणजे अर्धवट, चाचणीतलाच. खेळता येतो, लोक आवडीनं खेळतात, पण पूर्ण झालाय असं बनवणारेही म्हणत नाहीत.

आणि एलिट डेंजरस त्याच २०१२ चा, १५ लाखांवर पौंड जमले, डिसेंबर २०१४ ला आला, आजही चालू आहे. कंपनी जुनी, इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर, घरचं, स्वतःचेही पैसे घातलेले. म्हणून माझा पहिला प्रश्न, या लोकांनी आधी काही पूर्ण करून दाखवलंय का? दुसरा, जमणाऱ्या पैशात गेम होतो की ही नुसती सुरुवात आहे? किकस्टार्टरवर ठरलेला आकडा गाठला नाही तर कार्डावरून काहीच कापत नाहीत, गाठला तर ५ टक्के त्यांचे, आणि त्यानंतर गेम झाला नाही तरी ते पैसे परत करत नाहीत. आकडाच फार लहान ठेवला असेल तर मला शंका येते. तिसरा, गेम आल्यावर दर महिन्याचा खर्च कोण देणार? चौथा प्रश्न आपल्या गावाचा, सर्व्हर कुठे? फ्रँकफर्टला असेल तर इंदूरहून पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास जातो, तलवार उगारेपर्यंत समोरचा मारून मोकळा. मुंबईत असेल तर बोला. आणि हो, भारतात नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो आपणच सुरू करायचा, वर बँक चलनबदलाचे पैसे कापते, ते धरून हिशेब करा.

चिठ्ठी आली, हॉल सोडायचाय. भाच्याचं राहिलंच. त्याला मी म्हणलं, किल्ला नको, वर्गणीची सगळ्यात खालची पायरी घे, तीही त्यांनी सगळ्यांना खेळून बघू दिल्यावर. त्यानं सर्व्हरचा आणि महिन्याच्या खर्चाचा, असे दोन प्रश्न त्यांना लिहून पाठवलेत, उत्तर आलं नाही अजून, पैसे त्याच्या खात्यातच आहेत.