‘जग’ आणि ‘जग’

मंडळी, पुढं येऊन बसा की. मागं ऐकू येत नसेल तर सांगा, मी माइक जवळ ओढेन, पण आवाज चढवणार नाही. ऑडिओबुक, कार्टून, गेम यांना आवाज देणं हेच माझं काम, आणि उद्या रेकॉर्डिंग आहे.

मी बेळगावातल्या शहापूरची. घरात मराठी, गल्लीत कन्नड. रेडिओवर धारवाड, काटा थोडा सरकवला की सांगली. धारवाड केंद्र १९५०चं, सांगली १९६३चं. दोन्हीकडचे निवेदक मला घरचेच वाटायचे. आमटीत मीठ कमी पडलं की मी कन्नड बातम्यांच्या सुरात तशी बातमी द्यायची आणि धपाटा खायची.

मुंबईत पहिल्या ऑडिशनला काचेपलीकडून आवाज आला, ‘‘मॅडम, तेवढा हेल काढून या.’’ जशी काय चप्पलच, दाराबाहेर काढली की झालं! बेळगावात परत आल्यावर महिनाभर स्वतःचं बोलणं टेप करून ऐकलं. तेव्हा कळलं, आपल्या सीमाभागातल्या माणसाचा कान आयताच तयार असतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांना वेगळी अक्षरं आहेत, चूक केली की शेजारीण हसते. मराठीत उलटी गंमत, उच्चार दोन आणि अक्षर एकच. ‘जग’ म्हणजे दुनिया, ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. ‘जरेनं वाकलेला माणूस जरा थांबला.’ वाचून बघा मोठ्यानं. पहिला ‘ज’ जिभेच्या मधल्या भागानं टाळूला, दुसरा पुढं, दातांच्या मुळाशी.

ऑडिओबुकात हे सारखं लागतं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७ साली भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानांनी वाचणारे वाढले. ऐकणाऱ्याला एक तास मिळतो, मला त्यासाठी तीन तास लागतात. तोंड एका ओळीवर, डोळे पुढच्या ओळीवर. चुकलं की थोडं मागं जाऊन, आधीचं वाक्य कानात ऐकत, त्याच श्वासावर पुन्हा चढायचं. एप्रिलमध्येसुद्धा पंखा बंद. खळीची साडी नको, ती माझ्याआधी बोलते. उपाशीपोटी तर जाऊच नका. पोटातली गुरगुर माइक इमानदारीनं टिपतो. तोंडात चिकट टिचटिच व्हायला लागली की मी हिरवं सफरचंद खाते.

कार्टूनचं डबिंग निराळं. पात्राचे ओठ आधीच हलून गेलेले असतात, त्यात आपलं वाक्य बसवायचं. जपानी कार्टून मला सोपं जातं, कारण जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, विनोद आपल्यासारखाच शेवटी फुटतो. इंग्रजीत तो मध्येच फुटून गेलेला असतो आणि पात्र मात्र अजून तोंड हलवत असतं! मला बहुतेक वेळा पोरांचेच आवाज देतात. मुलाचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो, बाईचा तसा फुटत नाही, म्हणून मालिका वर्षानुवर्षं चालते. जपानमध्ये मासाको नोझावा १९८६पासून ‘ड्रॅगन बॉल’ कार्टूनमधल्या गोकूला आवाज देतात, त्यांचा जन्म १९३६चा.

गेमची गोष्ट मात्र गळ्याशी येते. समोर चित्र नसतं, नुसता वाक्यांचा तक्ता. ‘मागं बघ!’ हेच तीन अंतरांवरून. मग पडण्याच्या किंकाळ्या: माळ्यावरून, कड्यावरून, पाण्यात. मी आधीच सांगून ठेवते, बोलणं सगळं आधी, ओरडणं शेवटी. एकदा भिडेखातर क्रम सोडला आणि आठवडाभर भाजीवाल्याशी खुणांनी बोलले. अमेरिकेत गेमच्या कलाकारांनी २०१६मध्ये संप केला, त्यात गळ्यावरच्या ताणाचाही मुद्दा होता. २०२४च्या संपात मुख्य भांडण यंत्रानं आवाजाची नक्कल करण्याचं होतं, ते जवळजवळ वर्षभर चाललं. तेव्हापासून मी करारात एक ओळ घालून घेते: या रेकॉर्डिंगवरून यंत्राला शिकवायचं नाही. कधी ती ओळ राहते, कधी कामच जातं.

आता हेलाचं राहिलंच. गेल्या वर्षी एका पुस्तकात खानापूरकडची आजी होती. दिग्दर्शक म्हणाले, ‘‘तुमचा तो गावाकडचा सूर जमेल का?’’ मी हसू दाबलं. पहिल्याच दमात सगळी आजी रेकॉर्ड झाली. घरी येऊन आईला ऐकवली. तिनं इयरफोन काढला आणि रागावून म्हणाली, ‘‘काय ग हे? असं कुठं बोलुलालो आम्ही?’’