पाणी कुठवर आलं?

[दृश्य : पुण्यातला कर्वे रस्ता, सकाळची पीएमपी बस. काचेवर पावसाचे ओघळ.]

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. सुरुवातीची कितीतरी वर्षं ट्रंक बुकिंगवर, म्हणजे परगावचे फोन जोडून देण्यात गेली, कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचे आवाज ऐकण्यात. आता दर बुधवारी दहा ते साडेबारा मी एका शुश्रूषा केंद्रात जाते. मानधन नाही, हजेरीपट नाही. पक्षाघात झालेले, अंथरुणाला खिळलेले, विस्मरणाचा आजार जडलेले असे बरेच जण इथं कायमचे राहतात.

[दृश्य : स्वयंपाकघर. मऊ भाताच्या वाट्या भरल्या जात आहेत.]

पहिल्या बुधवारी मी घरचे बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. इथं रुग्णांची देखभाल करणाऱ्या मावशींनी दारातच डबा काढून घेतला. ‘ताई, आणायच्या आधी विचारत जा.’ मला लागलं ते. कारण नंतर कळलं. पक्षाघातानंतर अनेकांना नीट गिळता येत नाही. कोरडा लाडू घशात अडकतो, साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. भरवायचं तर माणसाला ताठ बसवून, छोटा घास द्यायचा. तो गिळला हे बघायचं, मगच दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

आम्ही स्वयंसेवक औषधं देत नाही, कुणाला उचलत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ते मावशी करतात. रात्रीसुद्धा. त्यांचे हात या चित्रफितीत मी मुद्दाम जवळून घ्यायला सांगितले आहेत.

[दृश्य : मावशींचे हात. चादर ताणून बसवली जाते.]

मग आमच्यासाठी काय उरतं? बसणं. मावशींकडे त्यासाठी वेळच नसतो. आणि ठरलेल्या वारी येणं. एका बुधवारी लग्नाला गेले आणि कळवायचं राहून गेलं. पुढच्या खेपेला समजलं, एक काका त्या दिवशी दाढी करून, टोपी घालून जेवणाच्या घंटेपर्यंत दाराकडे तोंड करून बसले होते. तेव्हापासून यायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन करते, आणि तो निरोप काकांनाच द्यायला सांगते.

[दृश्य : खिडकी. बाहेर जोराचा पाऊस.]

पुण्यात ऐंशी ओलांडलेल्या जुन्या पुणेकराला पानशेतच्या पुराबद्दल विचारा, तो तारखेसकट सांगेल. १२ जुलै १९६१. धरणाचं काम पुरं व्हायच्या आतच सकाळी ते फुटलं, दुपारी खालचं खडकवासला धरणही गेलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले, माणसं पर्वतीच्या टेकडीकडे पळत सुटली. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

इथल्या एका काकूंना मुलीचं नाव आठवत नाही. पण पाऊस वाढला की त्या उठून बसतात आणि विचारतात, ‘पाणी कुठवर आलं गं?’

सुरुवातीला मी खरं काय ते सांगत होते. काकू, पूर कधीच ओसरला, आता साठ वर्षं झाली. त्या आणखी घाबरायच्या. इतकी वर्षं गेली कुठं, घरातली माणसं कुठं आहेत, वाडा कुठं आहे? माझ्या खऱ्या उत्तरानं त्यांचं सगळं घर दर वेळी नव्यानं वाहून जात होतं. केंद्रातल्या परिचारिकेनं मला समजावलं की या आजारात नुकतंच घडलेलं आधी पुसलं जातं, जुनं बराच काळ टिकतं. त्यांची भीती आजची आहे, उत्तर त्या भीतीला द्यायचं.

[दृश्य : पलंगाच्या कडेला दोघी. आवाज फक्त पावसाचा.]

आता मी खुर्ची त्यांच्या समोर ओढते, तोंड दिसेल अशी. आवाज चढवत नाही. चढला की शब्द फाटतात, हे मला ट्रंक बुकिंगनं शिकवलंय.

‘ओसरतंय, काकू. सगळे पर्वतीवर पोचले.’

‘धाकटा?’

‘तोही. कडेवर होता.’

थोडा वेळ त्या खिडकीकडे बघतात. खांदे खाली येतात. मग म्हणतात, ‘खाली चिखल झाला असेल. फडकी आण.’

मी धोबीखोलीतून धुतलेल्या नॅपकिनांची टोपली आणते आणि पलंगावर ठेवते. त्या एकेक नॅपकिन झटकतात, काठाला काठ जुळवतात, घडी माझ्या हातात देतात.

[दृश्य : घड्यांची चळत. पाऊस चालूच.]