हरणाचा केस गळावर फुलतो कसा?

हे बघा. मी फ्लाय बांधते आहे, म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर केस-पिसं बांधून केलेला नकली किडा किंवा मासोळी. चिमटीत हरणाच्या केसांचा झुपका आहे, पेन्सिलीएवढा जाड. गळाच्या दांडीवर धरते, दोऱ्याचे दोन सैल वेढे, आणि आता ओढते... दिसलं? साळिंदरानं काटे फुलवावेत तसे सगळे केस उभे राहिले!

हरणाच्या अंगावरचा केस आतून पोकळसर असतो. बारीक कप्पे, त्यांत हवा. दोरा आवळला की तिथे केस चेपतो आणि मोकळी टोकं उसळतात. त्याच हवेमुळे फ्लाय तरंगते. शेपटीचा केस मात्र बराच भरीव, तो असा फुलत नाही. मी सुरुवातीला महिनाभर शेपटीचेच केस फुलवत बसले होते, आणि दोष देत होते दोऱ्याला.

आता खरी गोम. केसांच्या मुळाशी मऊ लव असते. ती राहिली तर केस एकमेकांना धरून बसतात, झुपका दांडीभोवती फिरतच नाही. म्हणून टोकांकडून धरा आणि मुळं बारीक फणीनं विंचरा. किती वेळ? फणीत लव यायची थांबेपर्यंत. कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केलात की पुढचं सगळं फसलंच.

दांडी उघडीच ठेवा, खाली दोऱ्याचा थर नको. तिसरा वेढा ओढता ओढता चिमूट सोडायची. नेमका इथे हात बिचकतो, दोरा तुटेल असं वाटतं. साधा बारीक दोरा खरंच तुटतो, म्हणून मी जेल-स्पन हा फार चिवट कृत्रिम दोरा वापरते. झुपका गरगरला की दोरा केसांतून नागमोडी काढत पुढे आणा, केस मागे गच्च दाबा, मग पुढचा झुपका.

कातरायला नवं ब्लेड. आधी पोट सपाट करा. गळाचं तोंड केसांनी बुजलं तर मासा फ्लाय तोंडात घेईल, पण गळ लागणार नाही. मग किटलीच्या वाफेवर क्षणभर धरा, दबलेले केस वर येतात आणि राहिलेले उंचवटे दिसतात. मात्र फार गुळगुळीत करायच्या नादी लागू नका. १९३०च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीसाठी डॉन गॅपेननं बांधलेल्या मडलर मिनो या प्रसिद्ध फ्लायचं डोकंही विस्कटलेलंच होतं.

आणि हो, पंखा बंद करा. हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं.